गिरजाकाकीचं नाक

गिरजाबाईला गिरजाबाई असं कुणी म्हणत नाही. रेशनकार्डावर आणि दवाखान्याच्या केसपेपरवर काय ती गिरजाबाई. गावात लहानथोर सगळ्यांची ती गिरजाकाकी, आणि तीसुद्धा वर्षातले दोन महिने. उरलेले दहा महिने तिला हाक मारायचं कुणाला कारणच पडत नाही. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली, पोटी मूल नाही, घर गावाच्या टोकाला. म्हणून गाव वाईट आहे असं समजू नका. माणसं आपापल्या व्यापात असतात, आणि टोकाच्या घरावरून कुणाची वाट जात नाही.

पेणहून रोह्याकडे जाताना नागोठण्याच्या अलीकडे डोंगराच्या अंगाला वळलं की हे गाव. भात कापून झालं की त्याच शेताच्या ओलीवर इथे वाल धरतात. पौष-माघात शेंगा टचटचीत भरल्या की शेतात पोपटी लागते. पोपटी म्हणजे काय हे आता घाटावरच्या मंडळींना सांगायला हवं, नाहीतर त्यांना पक्षी आठवायचा. मडक्याच्या तळाला भांबुर्ड्याचा पाला घालायचा. भांबुर्डा म्हणजे बांधावर उगवणारं, उग्र वासाचं एक झुडूप. त्यावर वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, असतील तर बटाटे, अंडी, आणि कुणाचा खिसा गरम असेल तर मसाला लावलेली कोंबडी. पुन्हा वरून पाला कोंबून तोंड बंद. मग मडकं जमिनीवर पालथं घालायचं आणि भोवती पेंढा, काटक्या रचून पेटवायचं. आत तेल नाही, पाण्याचा थेंब नाही. भांबुर्ड्याच्या वाफेवर सगळं शिजतं.

खरी मेख असते मडकं कधी काढायचं त्यात. लवकर काढलं तर शेंगा कच्च्या, उशीर झाला तर कोळसा. लोक मडक्यावर पाण्याचा शिंतोडा मारून आवाज ऐकतात. गिरजाकाकीला त्याची गरज नसे. ती धुरातच वाकायची, नाक मडक्याच्या जवळ न्यायची आणि म्हणायची, "काढा." बस्स.

हे काम खरं पुरुषांचं. नवरा होता तेव्हा मडकं तो लावायचा आणि ती मागून हळूच सांगायची. तो गेला त्या वर्षी पोरांनी आपल्या अकलेनं पोपटी लावली आणि तीन मडकी जाळून काळी केली. चौथ्या दिवशी ऋत्विक, म्हणजे तिच्या चुलत दिराचा मुलगा, दारात येऊन उभा. "काकी, चल गो. तुझ्याबिगर नाय जमत." तेव्हापासून दरवर्षी गावातली जवळजवळ प्रत्येक पोपटी तिच्या नाकाखालून गेली. ती आली की पोरं सरकून जागा करायची, गोणपाट अंथरायची. "काकी, नाकाचा विमा उतरवलास का?" असं कुणीतरी दरवर्षी विचारायचं, आणि ती दरवर्षी तितकीच हसायची. त्या दोन महिन्यांच्या जोरावर ती बाकीचं वर्ष काढायची. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, पण होतं ते असंच.

आता सहा-सात वर्षं झाली, नेमका त्याच दिवसांत तिला दम लागायला लागला. छाती वाजायची, पहाटे उठून बसावं लागायचं. दव बाधतं, थंडी बाधते, असं ती म्हणायची आणि सगळ्यांना ते पटायचं. रोह्याच्या एका डॉक्टरनं निळा पंप दिला. तो ती कमरेच्या पिशवीत लपवून ठेवायची आणि पेंढ्याच्या उडवीमागं जाऊन ओढायची. पंप लागला म्हणजे माणूस संपला, अशी आपल्याकडे एक समजूत आहे. तिला काही संपायचं नव्हतं.

गेल्या पौषात एका सकाळी तिला बोलताच येईना. दोन शब्द झाले की दम. ऋत्विक रोह्याच्या कंपनीतून रात्रपाळी करून नुकताच आला होता. त्यानं तिला गाडीवर मागं बसवलं, पंच्यानं तिला स्वतःच्या पाठीशी बांधून घेतलं आणि पेणला रामवाडीतल्या दवाखान्यात नेलं. तिथं मुंबईहून डॉक्टरांचा एक गट दर शनिवारी यायचा. इकडच्या दमेकऱ्यांना नेमकं काय बाधतं याचा त्यांचा अभ्यास चालू होता. त्यातल्या डॉक्टर सावनी. तरुण बाई, आवाज शांत.

त्यांनी आधी निळ्या पंपाची हजेरी घेतली. "काकी, हा नुसता तात्पुरता आराम देतो. आतली सूज तशीच राहते. पूर्वी आम्ही डॉक्टरसुद्धा याच्यावर भागवायचो. आता अभ्यासातून कळलंय की नुसत्या याच्यावर राहणं धोक्याचं." मग दुसरा पंप दिला, सूज उतरवणारा, सकाळ-संध्याकाळ ओढायचा. फुंकायचं एक मीटरही दिलं. गिरजाकाकीनं जीव खाऊन फुंकलं तेव्हा काटा एकशेऐंशीवर आला. तिला वाटलं, बरेच झाले की. डॉक्टरांचा चेहरा काही तसं म्हणत नव्हता.

पंधरा दिवसांत तिला इतकं बरं वाटलं की तिनं ठरवलं, या बाईला काहीतरी द्यायलाच हवं. आपल्याकडे उपकार करणाऱ्याच्या दारात रिकाम्या हातानं जात नाहीत. तिनं अडीच किलो शेंगा तोडल्या. मग तिच्या मनात आलं, मुंबईला भांबुर्डा कुठला मिळायला? शेंगा नुसत्या उकडून खातील बिचारे. म्हणून ताजा पाला खुडून त्याची जुडी बांधली आणि सगळी पिशवी मांडीवर घेऊन एसटीत बसली. खिडक्या बंद होत्या. पेण येईपर्यंत तिचे डोळे लाल झाले, नाक गळायला लागलं, आणि डॉक्टरांच्या खोलीत शिरली ती शिट्टीसारखी वाजत.

"पिशवीत काय आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"तुमच्यासाठी आणलंय. मडकं मिळालं नाय तर कुकरात लावा, पन पाला घाला."

डॉक्टरांनी आधी पिशवी बाहेर पाठवली, औषधाची वाफ दिली, श्वास बसेपर्यंत तिला तिथंच ठेवलं. पाला मात्र जपून ठेवला. पुढच्या शनिवारी छाती मोकळी असताना तिच्या हातावर थेंब थेंब टाकून बारीक सुया टोचल्या. घरातली धूळ, झुरळ, गाजरगवत, आणि शेवटी भांबुर्ड्याचा रस. वीस मिनिटांत गाजरगवताच्या जागी गांधी उठली, आणि भांबुर्ड्याच्या जागी तर चांगली रुपयाएवढी.

"ही दोन्ही एकाच कुळातली," डॉक्टर म्हणाल्या.

"नाय ओ. गाजरगवत उपरं हाय. भांबुर्डा आमचा."

डॉक्टर हसल्या. मग त्यांनी समजावलं. अंगात राखणीला कुत्रा असतो असं धरा. तो चोरावर भुंकायचा सोडून घरच्याच माणसावर भुंकायला लागला, त्याला ॲलर्जी म्हणायचं. सगळ्यांना भांबुर्डा बाधतो असं नाही. धूरही कारण असेल. अभ्यास अजून चालू आहे. "पण तुमच्या हातावर उठलंय, तेवढं खरं. आमच्या तपासणीच्या तयार बाटल्यांत हे झाड नव्हतंच. तुम्ही आणलं नसतं तर मला कळलं नसतं."

आपणच हौसेनं पिशवी उचलून आणली, याचा गिरजाकाकीला मनापासून राग आला.

डॉक्टरांनी कागदावर मराठीत लिहून दिलं आणि वाचूनही दाखवलं: पाला खुडू नये, मडक्यात भरू नये, धुरात तोंड घालू नये. वाऱ्याच्या उलट बाजूला लांब बसावं, पंप जवळ ठेवावा. लोकांत जायला हरकत नाही. शेवटची ओळ त्यांनी अधोरेखितही केली. ती ओळ लिहिताना बाईनं विचार केला होता, एवढं गिरजाकाकीला समजलं.

अक्षर बारीक म्हणून तिनं तो कागद ऋत्विकला वाचायला दिला. त्यानं वाचला, फोटो काढला आणि गावाच्या ग्रुपवर टाकला. वर स्वतःच्या शब्दांत लिहिलं, 'गिरजाकाकीला भांबुर्ड्याची ॲलर्जी निघाली आहे. जिवाला धोका आहे. तिच्या घराच्या बाजूला कुणी पोपटी लावू नये.' त्याखाली बेचाळीस जणांनी हात जोडले. कागद मोठा करून शेवटची ओळ कुणी वाचली नाही.

माघ लागला. दारात कुणी आलं नाही. पोपट्या ओढ्यापलीकडच्या शेतात लागायला लागल्या, तिच्यापर्यंत धूर येऊ नये म्हणून. आठ दिवस तिनं वाट पाहिली आणि मग ऋत्विकला गाठलं.

"कागदावर येऊ नको असं लिवलेलं नाय रं. लांब बसू दे सांगितलंय."

"काकी, त्या सकाळी तुला गाडीवर नेली ना, पेण येईस्तवर मागनं आवाज येईना तुझा. मला वाटलं गेली." तो खाली बघत बोलला. "परत नाय नेववायचं मला."

पोर खोटं बोलत नव्हतं.

तरी एका संध्याकाळी, दिवस मावळायच्या आत, तिनं तोंडाला पदर गुंडाळला, पंप घेतला आणि ओढा ओलांडला. वारा पाहून चांगली वीस पावलं लांब उभी राहिली. मडकं नुकतंच पेटलं होतं. कुणाचं तरी लक्ष गेलं आणि एकच धांदल उडाली. "काकी आली, काकी आली, पानी मारा आधी." ती हात हलवून नको नको म्हणत होती, पण पदरातून शब्द बाहेर पडेना. दोन हंडे पाणी पडलं. जाळ विझला, ओल्या राखेचा दुप्पट धूर झाला, आणि मडकं तडकलं. आतल्या शेंगा कच्च्या. वीसेक माणसं उपाशीपोटी तिच्याकडे बघत उभी राहिली. रागावलं कुणी नाही. उलट एकानं तिला घरापर्यंत सोडलं, आणि सबंध वाटेत तिची तब्येत सोडून दुसरं काही बोलला नाही. शिव्या दिल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

त्यानंतर ती गेली नाही. शेजारची सगुणा दुसऱ्या दिवशी डबा घेऊन आली. पाल्याचा कण राहू नये म्हणून तिनं भाजलेल्या शेंगा तीनदा पाण्यातून काढल्या होत्या. "खा गो काकी, काय नाय होत," म्हणून घाईनं गेली, तिचा गॅस चालू होता. गिरजाकाकीनं दोन शेंगा सोलल्या. वालाला ओल्या पुठ्ठ्याची चव होती. तिनं डबा धुऊन पालथा घातला. खूप एकटं वाटलं तिला, नवरा गेला त्या वर्षीसुद्धा वाटलं नव्हतं इतकं. तेव्हा निदान पोरांची मडकी जळाली होती. यंदा एकही जळालं नाही. शिंतोडा मारून आवाज ऐकायला शिकली पोरं.

पंप मात्र ती नेमानं ओढत होती. छाती वाजायची थांबली. एका दमात ओढ्यावरून पाणी आणता येत होतं, आणायचं तरी दोन कळश्याच.

फाल्गुनात एका दुपारी पेणच्या दवाखान्यातून फोन आला. अभ्यासात काम करणारी प्रणिता नावाची मुलगी बोलत होती. आवाज गोड. तिला काही प्रश्न विचारून उत्तरं भरायची होती.

"रात्री खोकल्यानं जाग येते का, काकी?"

"नाय."

"निळा पंप किती वेळा लागला?"

"एकदापन नाय."

"मीटरवर काटा किती येतो?"

"तीनशे धा."

"अरे वा. आता पुढचा. गेल्या महिन्यात दम्यामुळे तुम्हाला गावातल्या कार्यक्रमांपासून, माणसांपासून लांब राहावं लागलं का? नेहमी, कधीकधी, की कधीच नाही?"

गिरजाकाकीनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"दम्यामुळं?"

"हो, दम्यामुळे."

"दमा कुठं झाला मला माघात? लिव, कधीच नाय."

पलीकडे पेनचा आवाज झाला. "काकी, सगळ्यात चांगले आकडे तुमचेच आहेत. डॉक्टर मॅडमना मी आजच सांगते. ठेवू मग?"

"थांब गो. अजून काय इचारायचं हाय का?"

"नाही काकी, झाले सगळे प्रश्न."

"बघ ना कागद उलटून," गिरजाकाकी म्हणाली, "मागं असल एखादा."