जमुनेच्या मागची मांजरं

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडून सहा-सात वर्षं झाली असतील. चांदूर रेल्वेच्या माळीपुऱ्यात जमुना राहायची. विसाव्या वर्षी नवरा तापानं गेला. माहेर शेंदूरजनाघाटचं, पण तिथं आता कोणी उरलं नव्हतं. थोरले दीर, म्हणजे भासरे, किसनराव ठेवतील तसं राहणं भाग होतं. त्यांचा भाजीपाल्याचा मळा होता. पण विधवा भावजयीनं चार लोकांत वावरावं हे त्यांना पसंत नव्हतं. त्यांनी तिला घरबसल्या काम लावून दिलं. चंद्रभान वैद्य डोक्याला लावायचं तेल करायचा. त्यासाठी लागणाऱ्या जटामांसीच्या मुळ्या ती मागच्या खोलीत कुटायची आणि फडक्यातून गाळायची.

त्या मुळ्यांचा वास भारी उग्र. अंगाला असा धरायचा की न्हाली तरी जायचा नाही. महिनाभरात मांजरं यायला लागली. आधी एक बोका, मग चार-पाच. उंबऱ्यावर गडबडा लोळायची, लाळ गाळायची, तिच्या लुगड्याला गाल घासायची. ती विहिरीवर निघाली की मागोमाग निघायची. जमुनेला पहिल्यांदा बरंच वाटलं. घरात आपणहून तिच्याजवळ येणारं दुसरं होतं कोण? पण शेजारच्या पार्बताबाईच्या नातवानं अंगावरचं दूध पिणं टाकलं आणि पुऱ्यात बोलणं सुरू झालं की ही बाई करणी करते.

किसनरावांनी तिच्या खोलीला बाहेरून कडी घातली. काम मात्र आत चालूच राहिलं. जमुनेनं जावेला, मनकर्णेला, सांगितलं की हे सगळं मुळ्यांच्या वासानं होतं. पोतं आणणारा हमाल त्यांना बिल्लीलोटनच म्हणतो. मनकर्णेनं ते नवऱ्याच्या कानावर घातलं. किसनरावांनी विचारलं, तर वैद्यानं साफ कानावर हात ठेवले. त्याला सारं ठाऊक होतं. पण तेल न्यायच्या वकिलांच्या, ठाणेदाराच्या बायका. मांजरं ज्याला लाळ लावतात ते डोक्याला कोण चोपडणार? असे आठ महिने गेले.

एके दिवशी भाकर आत सारताना मनकर्णेनं हळूच सांगितलं की उद्या दुपारी मारुतीच्या देवळात बैठक आहे. तुला गावाबाहेरच्या खोपटात ठेवायचं घाटतंय. जमुना रात्रभर जागीच होती. सकाळी किसनरावांचं धुतलेलं उपरणं घडी घालायला तिच्याकडे आलं. तिनं गाळलेली भुकटी त्यात चोळचोळ चोळली, वरवर झटकली आणि घडी करून दिली.

बैठकीत पुऱ्याचे म्होरके शेषराव बोलायला उभे राहिले आणि तीन मांजरं किसनरावांच्या मांडीवरच्या उपरण्यावर लोळायला लागली. ढकलली की परत यायची. आधी लोक हसले. मग कोणीतरी म्हणालं, करणी आता भासऱ्याला लागली. शेजारचे सतरंजीवरून सरकून बसले. काही न ठरताच बैठक उठली. संध्याकाळी किसनरावांच्या टोपल्यातली वांगी कोणी घेतली नाहीत. मुलीचं, शकुनचं, जुळत आलेलं लग्न मोडल्याचा निरोप आला. दाराआडून जमुनेनं ते ऐकलं. सुटायला गेली आणि अख्खं घरच आपल्यासोबत अडकवून बसली, असं तिला वाटलं.

सकाळी किसनरावांनी उपरणं नाकाशी नेलं, तर मुळ्यांचा वास आला. ते तडक वैद्याकडे गेले. तू लोकांना खरं सांगतोस की मी हे उपरणं घेऊन तुझ्या ओट्यावर बसू, एवढंच त्यांनी विचारलं. वैद्याचा नाइलाज झाला. त्यानं लोकांना बोलावलं, डबा उघडून मूठभर मुळ्या ओट्यावर टाकल्या. थोड्या वेळात मांजरं तिथं लोळत होती. दुपारपर्यंत सगळं मिटलं.

किसनरावांनी येऊन कडी काढली. जमुना आजवर त्यांच्याशी समोरासमोर कधी बोलली नव्हती.

"तुमच्यासाठी एका दिवसात झालं. माह्यासाठी आठ महिने काहून नाही झालं जी?"

किसनरावांनी कोपऱ्यातल्या पोत्याकडे बोट केलं. मग म्हणाले, "झालं ते झालं. वैद्याचं पोतं पडलं हाय, तेवढं कूट."

"नाही कुटत."

"मंग खाशीन काय?"

जमुना घागर घेऊन विहिरीवर गेली. बायकांनी तिला वाट दिली, गरजेपेक्षा जास्तच. पार्बताबाईच्या कडेवर तिचा नातू खेळत होता. जमुनेला पाहून तिनं त्याला पदराआड घेतलं. जमुना पाणी घेऊन परतली आणि खोलीत जाऊन बसली. दार उघडंच होतं. संध्याकाळपर्यंत तिनं अर्धं पोतं कुटलं.