न झालेल्या औषधाचा सत्कार

माळशिरसकडच्या आमच्या गावानं माझा सत्कार केला, तेव्हा माझं औषध म्हणजे बाटलीच्या बुडाशी चिकटलेली चिमूटभर पिवळी भुकटी होती. सोलापुरातल्या एका प्रयोगशाळेत मी नवनवे रेणू बनवते आणि ते कर्करोगाच्या पेशींवर घालून बघितले जातात. त्यातल्या एकानं ताटलीतल्या पेशी मारल्या, एवढीच काय ती माझी कर्तबगारी. आमच्या सरांनी ते वार्ताहराला सांगितलं आणि त्या पठ्ठ्यानं बातमीत रोगच हद्दपार करून टाकला. मी माइकवर स्पष्ट सांगितलं, की हे औषध नाही, बहुधा होणारही नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पोरगी किती नम्र आहे बघा, असं सरपंच म्हणाले. हातातला नारळ त्यांच्याच डोक्यात फोडावासा वाटला.

पहिल्या रांगेत माझा सख्खा मामा बसला होता. तंबाखूनं त्याच्या गालात गाठ आली होती. जबड्याचा तुकडा काढावा लागणार होता, पण तो जगेल असं डॉक्टर म्हणत होते. ऑपरेशनची तारीखही मिळाली होती. सत्कारानंतर मामानं ती जाऊ दिली. घरची पोरगी औषध काढत असताना तोंड कशाला कापून घ्यायचं, असं त्याचं म्हणणं. मी फोनवर समजावलं, घरी जाऊन भांडले, आईला मध्ये घातलं. मामा नुसता कौतुकानं हसायचा. त्या हसण्याची मला चीड यायची.

काही महिन्यांनी गाठ गालाबाहेर दिसायला लागली, तेव्हा तो मामीला घेऊन एसटीनं सोलापूरला आला. दवाखान्यात नाही, माझ्याकडे. तोवर रेणूची पुढची चाचणी झाली होती. निरोगी पेशीही तेवढ्याच मेल्या होत्या. संडास धुवायचं ॲसिड घातलं असतं तरी हाच निकाल आला असता. दोघांना प्रयोगशाळेबाहेरच्या बाकावर बसवून मी हे सगळं सांगितलं. गोड करून सांगायचा मला कंटाळा आला होता.

"मामा, त्यानं गाठ मरायच्या आदी तू मरशील."

"चालतंय की," मामा म्हणाला. "थोडंच दे."

मी दिलं नाही. त्याच दुपारी त्याला जवळजवळ ओढत दवाखान्यात नेलं. आता कापून उपयोग नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. मामानं मान डोलावली आणि माझ्याकडे बघितलं. आता तरी देईल, असं त्याला वाटलं असावं.

मामाच्या तेराव्याला मांडवात एक अनोळखी माणूस बायकोचे रिपोर्ट घेऊन माझ्यासमोर उभा राहिला. मी बोलायच्या आत मामी उठून आली. बरं झालं, आता हीच त्याला खरं काय ते सांगेल, असं मला वाटलं.

"हिच्या नादी लागू नका," मामी म्हणाली. "औषध हाय हिच्याकडं. सख्ख्या मामाला दिलं न्हाय, तुमाला काय देती?"

तो माणूस तरीही माझ्या पाया पडायला वाकला.