खड्डेवाल्या पटाशा

माह्या हाती पटाशी पाह्यली की लोकाईच्या पोटात दुखते. दुखू द्या! माह्ये बाबा केनवडचे सुतार. त्याईचे हात थरथराले लागले, तसं मीच, त्याईच्या पोरीनं, काम धरलं. शेजारच्या काकानं नव्या घराची चौकट मले सांगतली अन् साफ म्हनलं, "जमली त दारं-खिडक्याबी तुलेच. नाई जमली त तुह्या मोठेबाबाले देतो." मोठेबाबा म्हंजे बाबाचे थोरले भाऊ, तेबी सुतार. त्याईले तेच पाह्यजे होतं.

आमच्या पटाशा झिजून बोटभर राह्यल्या होत्या. म्हनून अकोल्याच्या जुन्या बाजारातून जपानी पटाशा आनल्या, भंगाराच्या भावात. पन डोळे मिटून नाई आनल्या. ढिगापाशी बसून एकेक पुसली. जपानी पटाशी दोन लोखंडाची रायते, वरून नरम अन् खाली कडक पोलादाची पट्टी. धारेवर त्या पट्टीची चकचकीत रेघ दिसली पाह्यजे. पाठीत मुद्दाम केलेला उथळ खड्डा रायते, म्हंजे घासतानी नुसत्या कडाच धारेच्या दगडाले लागतात अन् पाठ झटकन सपाट येते. खड्डा घासून पार गेला असन त सोडून द्या. धारेपाशी खोल गंज असन, सोडा. निळी पडली असन त समजा जळली, ग्राइंडरनं मारली तिले. मूठ तुटकी असू द्या. बाभळीची मूठ घरी बसवता येते.

मोठेबाबा आले, पटाशीची पाठ पाह्यली अन् हसले. "पोरी, फसवलं तुले! मांगून खड्डे पडले हिले."

आमच्याकडच्या पटाशीची पाठ सपाट. खड्डा म्हंजे झीज, येवढंच त्याईले ठाऊक. मी दगड भिजवाले गेली, तवर सगळ्यात रुंद पटाशी घेऊन ते वेल्डिंगवाल्याकडं गेले. घासून सपाट करून आनली. निळीशार!

माह्या अंगाची त आगच झाली. "तुमाले कोनं सांगतलं हात लावाले?"

"तुह्या भल्यासाठीच केलं न वं."

"माह्यं भलं माह्यं मी पाहीन!"

राह्यलेल्या अरुंद पटाशाईनं सागवानात खाचा मारल्या. हात भरून आले, रागानं रडूबी आलं. पन कुसू, म्हंजे आडव्या लाकडाचं कोरलेलं टोक, खाचेत असा बसला की मधात कागद जाईना.

चौकट उभी कराच्या दिवशी आमच्याकडं औजाराची पूजा करतात अन् सुताराले टॉवेल-टोपी देतात. काकू ताट घेऊन आल्या अन् अडल्या. पाह्यलं त मोठेबाबाकडं. अन् त्याईनं डोकं पुढं केलंच होतं, काय म्हना आता!

"काकू, चौकट कोनं घडवली?" मी इचारलं. पटाशी ताटात ठेवली, पाठ वर करून. हळद-कुंकू त्या खड्ड्यातच पडलं. "टोपी इकडं आना."

टोपी मोठी होती, कानावर येत होती. तरी काढली नाई. पंगतीत मोठेबाबाले भाजी मीच वाढली, टोपी घालूनच.