टाकीच्या तोंडाशी बसणारा मॅनेजर

ठाकूर साहेब मॅनेजर म्हणून आले त्या पहिल्या सोमवारी मी नेहमीप्रमाणे परमिटचं पुस्तक त्यांच्या टेबलावर ठेवलं. कारखान्यात टाकीत माणूस उतरवायचा असेल, तर आधी मॅनेजरच्या सहीचा कागद लागतो, तेच परमिट. आधीचे साहेब सोमवारी चहा पिता पिता पुढच्या सगळ्या कोऱ्या पानांवर सह्या करून मोकळे व्हायचे. आठवडाभर त्यांना कुणी त्रास द्यायचं नाही आणि ते कुणाला द्यायचे नाहीत, असा गोडीगुलाबीचा कारभार होता. मीही मोठ्या अदबीने कोरं पान उघडून पेन पुढे केलं.

"कोण उतरतोय?" त्यांनी विचारलं.

"अजून कुणी नाही साहेब. पण लागेल तेव्हा हाताशी असावं म्हणून..."

"माणूस ठरला नाय, टाकी ठरली नाय, आणि माझी सही तेवढी ठरली? बाई, तुम्ही लग्नाआधी बारशाचं आमंत्रण देताय!"

मी तोंड पाडून परत आले. पेणच्या रामवाडीतून रोज रोह्याला नोकरीला येणारी मी साधी कारकून. नव्या माणसाचा नवा झाडू, दोन महिन्यांत झिजेल, असं मनाशी म्हणाले. पण तो झाडू काही झिजला नाही.

त्यांची एक रीत होती. परमिटवर सही केली की ते स्वतः त्या टाकीपाशी जायचे, तोंडाशी एक लाकडी स्टूल टाकून बसायचे आणि आतला माणूस बाहेर येईपर्यंत हलायचे नाहीत. फोन आला तर "सांगा, साहेब बसलेत." मुंबईहून पाहुणे आले तरी तेच उत्तर. केबिनमधल्या गुबगुबीत खुर्चीपेक्षा त्या स्टुलावरच त्यांचे जास्त तास गेले असतील. कामगार त्यांना पाठीमागे 'राखणदार' म्हणायचे, आणि ते काही कौतुकाने नाही. साहेब डोक्यावर बसला की बिडीची चोरी होत नाही, गप्पा होत नाहीत. कुणाला आवडेल?

एकदा मी धीर करून विचारलं, "साहेब, सही केलीत ना, मग बसायला कशाला हवं? सुपरवायझर असतोच की."

ते खाडीकाठच्या मिठागरवाल्यांतले. ऑफिसात शुद्ध बोलायचे, पण मनातलं बोलायला लागले की गावची भाषा वर यायची. "माझा बापूस मिठागराची उघाडी सांभाळायचा, बाय. भरतीला ती फळी उचलायची, पाणी पुरतं आत आलं की पाडायची. फळी उचलून घरी जेवायला गेला तर आख्खं मिठागर पाण्यात! उघाडी ज्यानं उघडली त्यानंच तिथं उभं राहायचं. दुसऱ्याला सांगून जायची सोय नाय."

ते गोड स्वभावाचे मुळीच नव्हते. हेल्मेट काखेत धरून फिरणाऱ्याला ते सगळ्यांसमोर विचारायचे, "काय रं, डोकं काखेत हाय काय तुझं?" मलाही दोनदा रडवलंय त्यांनी. तरी सांगते, एवढ्या वर्षांत इतका ताठ माणूस मी दुसरा पाहिला नाही.

आता त्या दिवसाचं. त्याच्यापायी त्यांची नोकरी गेली, हे आधीच सांगून टाकते. उद्या गणेशचतुर्थी. आमच्या भागात गणपतीत कारखाना चालवायचा विचारही कुणी करत नाही; माणसंच येत नाहीत. त्याआधी सॉल्व्हंटची मोठी टाकी धुऊन द्यायची होती, म्हणजे सुट्टीनंतर लगेच परदेशच्या ऑर्डरचा माल सुरू करता आला असता. नथुराम आणि त्याचे तीन सोबती सकाळी नऊलाच तयार होते. दुपारची गाडी पकडायची, पेणला उतरून मूर्ती घ्यायची आणि कासूला घरी न्यायची, असा त्यांचा बेत होता.

टाकीतला प्राणवायू मोजायचं आमचं एकुलतं यंत्र नादुरुस्त होतं. नवं मागणारी तीन पत्रं ठाकूर साहेबांनी मुंबईला मालकांना, म्हणजे शेठना, धाडली होती. ती टाइप मीच केली होती. उत्तर एकाचंही नव्हतं. त्यांनी स्टोअरकीपरला एसटीने पनवेलला पिटाळलं, ओळखीच्या कारखान्यातून यंत्र मागून आणायला. आणि स्वतः स्टूल घेऊन टाकीच्या तोंडाशी बसले. परमिट कोरंच.

"साहेब, धा मिंटाचं काम हाय," नथुराम म्हणाला. "बारा वर्सं उतरतोय मी. वास बी नाय येत आतून."

"वास नाय हीच भीती हाय. सॉल्व्हंट पेटू नये म्हणून आत नायट्रोजन सोडतो आपण, त्याला वास नसतो. माणूस खाली बसतो तो उठतच नाय."

दहा वाजले, अकरा वाजले. शेठचा मुंबईहून तीनदा फोन आला. तिसऱ्यांदा मी धावत निरोप घेऊन गेले, "शेठ म्हणतायत, माणसं तयार आहेत तर तुमचं काय जातंय?"

"त्यांना सांगा, कारखान्याच्या कागदावर मॅनेजर म्हणून माझं नाव हाय. त्यांना घाई असेल तर त्यांनी यावं आणि स्वतः उतरावं. परमिट मी देतो."

हा निरोप मी जरा मऊ करून सांगितला. खोटं कशाला बोलू?

दुपारची गाडी गेली तशी माणसं खवळली. "आमचा देव दुकानात बसलाय आणि ह्यो इथं!" असं कुणीतरी ऐकू जाईल एवढ्याने बोललं.  मग नथुराम उठून कुठे तरी गेला आणि थोड्या वेळाने आला तो हातात पेटलेला कंदील घेऊन, त्याला दोर बांधलेला!

त्याच्या मनात पाप नव्हतं. गावाकडे जुन्या विहिरीचा गाळ काढताना आधी कंदील सोडून बघतात. विझला तर वायू आहे, तेवत राहिला तर उतरायचं. बापजाद्यांची रीत. कंदील त्याने माळ्याच्या खोलीतून घेतला आणि कँटीनच्या चुलीवर पेटवला. पण ही विहीर नव्हती. टाकीच्या तळाशी सॉल्व्हंट होतं, तोंडाशी त्याची वाफ होती. ठिणगी पडायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात आम्ही सगळे जळून गेलो असतो.

ठाकूर साहेब स्टुलावरून उडालेच. "थांब तिथंच! पुढं पाऊल टाकू नको!" असं ओरडत ते धावले, वाटेतच कंदील त्याच्या हातून घेतला आणि फुंकर मारून विझवला.  नथुराम पांढराफटक पडला होता. सुपरवायझर म्हणाला, "साहेब, याला मेमो देतो. कामावरून काढतो."

"त्यानं डोकं चालवलं. टाकी आणि विहीर यातला फरक त्याला बारा वर्सांत आपण कधी सांगितला? मेमो माझ्या नावानं लिहा, बाई."

मी खरंच लिहिला. मॅनेजरने मॅनेजरला दिलेला मेमो.

साडेतीनला यंत्र आलं. नळी आत सोडली आणि ते असं किंचाळायला लागलं की आम्ही सगळे दोन पावलं मागे सरलो. नायट्रोजनचा व्हॉल्व्ह बंद होता, पण आतून पाझरत होता. वरून सगळं ठीक. आत श्वासापुरतीही हवा नव्हती. टाकीचं काम तिथेच थांबलं, सुट्टीनंतरवर गेलं.

माणसं मुकाट्याने कपडे बदलायला गेली. नथुराम तेवढा मागे राहिला.  म्हणाला, "साहेब, उद्या दर्शनाला या. नक्की या."

"येतो. मोदक ठेव."

मला तिथेच रडू फुटलं.

गौरी-गणपती गेल्यावर काही दिवसांनी शेठ आले. माल न्यायची बोट चुकली होती, परदेशची ऑर्डर हातची गेली होती. त्यांनी केबिनमध्ये माझ्यादेखत ठाकूर साहेबांपुढे इंग्रजी कागद ठेवला: 'माझ्या हलगर्जीपणामुळे काम रखडलं, मी दिलगीर आहे.' सही केली तर नोकरी राहणार होती. ठाकूर साहेबांनी तो दोनदा वाचला, माझ्याकडून पेन घेतलं आणि त्याखाली मराठीत लिहिलं, 'वरचा मजकूर खरा नाही. टाकीत प्राणवायू नव्हता म्हणून मी माणूस उतरवला नाही. पुन्हा अशी वेळ आली तर पुन्हा उतरवणार नाही.' मग सही केली.

शेठ लाल झाले. "फाडा तो कागद."

"बाई," ठाकूर साहेब मला म्हणाले, "याला आवक नंबर टाका."

नंबर पडला की कागद रजिस्टरात चढतो, आणि ते रजिस्टर सरकारी इन्स्पेक्टर पहिल्यांदा मागतो. मग कागद फाडून उपयोग नसतो. हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. माझ्या एकटीच्या पगारावर घरात चार ताटं वाढली जात होती. शेठनी माझ्याकडे वळून शांतपणे विचारलं, "तुम्हाला नोकरी नकोय का?"

"हवी आहे," मी म्हणाले, आणि शिक्का मारला.