पाच वर्षांचा बिल्ला

मी ज्या माणसाचा सर्वांत अधिक ऋणी आहे ती माझी थोरली बहीण, अक्का. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच. लोक त्याचे श्रेय माझ्या चिकाटीला देतात आणि पुष्कळ वर्षे मी ते घेतलेही. खरी गोष्ट अशी की इंग्रजी चौथीत मी नापास झालो तेव्हा वडिलांनी, म्हणजे आबांनी, माझे नाव शाळेतून काढायचे ठरवले होते. ते अमळनेरच्या कापूस बाजारात मापाडी होते. मलाही काट्यापाशी उभे करणार होते. त्या वेळी चौदा वर्षांची अक्का एकटी हेडमास्तरांच्या घरी गेली आणि त्यांच्या ओट्यावर बसून राहिली. दुपारी त्यांच्या पत्नीने पाणी दिले, ते तिने घेतले नाही. दिवेलागणीला हेडमास्तर बाहेर येऊन म्हणाले, "ऊठ बाई आता. देतो तुझ्या भावाला नादारी. पण पुन्हा नापास झाला तर तूच येऊन त्याच्या बाकावर बस." फी माफ झाली. आबांनी नाव काढायचा विचार सोडला.

त्या सुमारास मुलींच्या शाळेत थोरल्या मुली-बायकांचे सेवापथक निघाले होते आणि अक्का त्यात होती. वैशाखात बोरी नदीच्या वाळवंटात यात्रा भरे. तिथे पथकाच्या मुली पाणी देत, चुकलेली लेकरे सांभाळत, वाळूने पोळलेल्या पायांना तेल लावत. दोन वर्षे अक्काने हे काम केले. मग शिरपूरकडे तिचे लग्न झाले. रीतीप्रमाणे ताटात तांदूळ पसरून तिचे नवे नाव लिहिले गेले. नवऱ्याला लिहिता येत नव्हते, म्हणून भटजींनी त्याचा हात धरून गिरवले. ते नाव सगळ्यांच्या आधी अक्कानेच वाचले.

सहा वर्षांनी, मूल होत नाही म्हणून, सासरच्यांनी तिला आणून सोडले. त्याच वर्षी मी पुण्याहून बी. ए. होऊन आलो आणि मुलींच्या शाळेत तात्पुरता शिक्षक झालो. पथकाचा हजेरीपट माझ्याकडे असे. अक्का पुन्हा पथकात आली, तेव्हा पहिल्या दिवशी माझ्या टेबलापाशी उभी राहिली.

"मन्हं जुनं पान काढ, भाऊ. तठेच पुढे लिख."

मी मुद्दाम शाळेतल्या मराठीत उत्तर दिले. "तसं चालत नाही, अक्का. लग्नानंतर नाव बदलतं. नवं पान उघडावं लागेल."

"मी तं एकच शे ना रे. दोन पानं कसाले?"

शेजारच्या मास्तरांना हसू आले. तिच्या बोलण्याची मला लाज वाटली, हे इथे लिहायलाच हवे. मी नवे पान उघडले आणि त्यावर झोकदार अक्षरात तिचे सासरचे नाव लिहिले. जुन्या पानाचा उल्लेखही केला नाही. आपण काटेकोर आहोत याचे मला तेव्हा समाधान वाटले.

पुढची तीन वर्षे अक्काने जे केले ते गावाने पाहिले आहे. पटकीची साथ आली तेव्हा ती मुलींना घेऊन विहिरींत औषध टाकत हिंडली. कापसाच्या जिनिंग कारखान्यातल्या बायकांना सुटीच्या दिवशी अक्षरे शिकवली. तिच्यामागे सात-आठ मुली असत आणि तिच्याइतक्याच मोठ्याने बोलत.

शाळेचा नियम होता की पथकात पाच वर्षे सेवा झालेल्या स्त्रीला बिल्ला द्यायचा. सेवा सलग नसली तरी चाले. बिल्ला मिळालेल्या एकीची धुळ्याच्या शिक्षिकांच्या ट्रेनिंगसाठी शिफारस होई. तिथे वयाची अट पंचविशीची होती आणि अक्काला पंचविसावे सरत आले होते. टाकलेल्या बाईला मास्तरीण होऊन आपल्या पायांवर उभे राहण्याची तेवढी एकच वाट होती. घरात तिने हे कधी बोलून दाखवले नाही. पण ट्रेनिंगच्या अर्जाचा कागद तिने घडी करून पेटीत ठेवला होता.

कमिटीची बैठक झाली तेव्हा मी हजेरीपट घेऊन उभा होतो. चेअरमन गावातले वकील होते. त्यांनी दोन्ही पाने पाहिली.

"ही दोन वर्षं एकीची, ही तीन वर्षं दुसरीची. पाच कोणाची?"

आमच्या हेडमास्तरीणबाई म्हणाल्या, "दोघी एकच आहेत, साहेब. मी हिला परकरात पाहिलंय."

"तुम्ही पाहिलंत हो, पण कागदानं पाहिलं नाही ना!" सगळे हसले. मग वकीलसाहेब माझ्याकडे वळले. "मास्तर, ही बाई तुमची कोण?"

"बहीण."

"छान! म्हणजे भाऊच साक्षीदार. असं करा, नवं पान उघडलं ही माझी चूक झाली, असं लिहून द्या. घेतो मी ग्राह्य."

त्याच महिन्यात मला कायम करण्याचा विषय याच कमिटीपुढे यायचा होता. हजेरीपटात चूक केल्याची लेखी कबुली म्हणजे वकीलसाहेबांच्या हाती कोलीतच. हेडमास्तरीणबाईंनी दौत माझ्यापुढे सरकवली. मी म्हणालो, "नोंद नियमाप्रमाणेच आहे."

बाईंनी दौत परत ओढून घेतली. त्यानंतर शाळेत असेपर्यंत त्या माझ्याशी कामापुरतेच बोलल्या.

बिल्ला वकीलसाहेबांच्या भाचीला मिळाला. यात्रेत ती टांग्यातून येई आणि ऊन लागले की परत जाई. पण तिच्या पानावर पाच वर्षे भरलेली होती. कशी भरली ते मला ठाऊक होते. शेवटची तीन मीच भरली होती.

समारंभात अक्का पाहुण्यांना सरबत देत होती. बिल्ल्याच्या फिती तिनेच आदल्या दिवशी शिवल्या होत्या. दोनचार बायकांनी भाषणात तिच्या नावाची वाट पाहिली असावी, कारण टाळ्या संपल्यावर त्या एकमेकींकडे पाहत राहिल्या. घरी आल्यावर मी सांगू लागलो की नियमापुढे माझा इलाज नव्हता. ती पेला विसळत होती. "तुले काय," ती म्हणाली, "तुन्हं नाव जन्मभर एकच शे."

महिनाभराने ती सातपुड्याच्या पायथ्याशी, डोंगरातल्या मुलींच्या एका वसतिगृहात गेली. शिकवायला नव्हे, स्वयंपाकाला. मी कायम झालो. वर्षभराने मी कमिटीला कागद लिहिला, आणि त्यानंतर अक्काला हे पत्र.

ती. अक्का,

दोन्ही पाने एकाच स्त्रीची आहेत आणि नवे पान मी चुकीने उघडले, असे मी गेल्या आठवड्यात कमिटीला सहीनिशी लिहून दिले. वकीलसाहेबांनी वाचले आणि म्हणाले, "आता काय त्याचं!" बिल्ला मंजूर झाला आहे. धुळ्याला मी स्वतः जाऊन विचारले. तिथे वयाची सूट देत नाहीत.

मी आता कायम आहे, म्हणून हे लिहिताना माझे काही गेले नाही. हे तुला मी सांगितले नाही तर दुसरे कोणी सांगणार नाही. त्या दिवशी दौत समोर होती आणि मला फक्त माझी नोकरी दिसली. नियमाचे मी तुला जे सांगितले ते खोटे होते. भाचीच्या पानावर मी तीन वर्षे न आलेली हजेरी लिहिली. तेही कमिटीला लिहून दिले आहे. त्यावर अजून कोणी काही बोललेले नाही.

बिल्ला या पत्रासोबत पाठवत नाही. तो पाठवला की मला वाटेल फिटले. तुला हवा असेल तर तसे कळव, मी घेऊन येईन. नको असेल तर तेही लिही.

आबांचा खोकला कमी आहे. आई तुझी वाट पाहते. मी वाट पाहतो असे लिहायचा मला हक्क नाही, पण पाहतो. रागाचे का होईना, उत्तर लिही.

तुझा भाऊ