आग लागायच्या आधीचा माणूस

धानोऱ्याकडच्या आमच्या गावात वणव्यावर नजर ठेवणारा एक रोजंदारी माणूस आहे. हातात कायम खराटा, आणि बोलण्याआधी तो जमिनीवरचं एखादं वाळकं पान उचलून चुरगाळतो.

मार्चमधल्या एका दुपारी मी शाळेत सुपरहिरोचा विनोदी सिनेमा दाखवला. सगळ्या घरानं मिळून पाहावा असा. पेटलेल्या जंगलात हिरो धडपडत येतो, एक फुंकर मारतो आणि आग विझते. सगळे पोट धरून हसले. हा खराटेवाला तेवढा न हसता दाराशी उभा होता.

"गुरुजी, फुकल्यानं आग विझते का वाढते?"

"सिनेमा आहे, भाऊ."

त्यानं पान चुरगाळलं. "असू द्या. पण हा येते कवा? आग लागल्यावर. पह्यले पाला झाडणारा एकही माणूस नाई दिसला."

याला हसताच येत नाही, असं मला वाटलं.

मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून आमच्याकडे झाडाखालचा पाला पेटवून देतात, आणि वणवे तिथूनच उठतात. तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या परसातल्या मोहाकडे गेलो, तर हा तिथं झाडत होता.

"सगळ्या गावाचे मोह झाडून झाले, गुरुजी. तुमचाच राह्यला होता."

खिशातली माचीस मी मुठीत दाबली. "दुसरा खराटा आहे का?"

मान वर न करता त्यानं बोट दाखवलं. बुंध्याला टेकवून तो त्यानं आधीच ठेवला होता.