सांता रीताच्या गायकांची फौज

जून लागला आणि कुवेतहून पिनांगचा फोन आला. थोरल्या बहिणीचा, तिकडच्या बोलीत आतेचा, एप्रिलपासून पत्ता नाही, म्हणून ती तापलेलीच होती.

"जिवंत आहेस ना, आते?"

"आहे की. गेम खेळत होते," सेला म्हणाली.

पिनांगने विचारलं, "बिंगो?"

"बिंगो कसला गं. फोनवरचा. पाच जण इकडचे, पाच जण तिकडचे, वरच्या, मधल्या, खालच्या वाटेने जाऊन एकमेकांचा किल्ला पाडायचा."

"भावजींना फोन दे बघू."

नवऱ्याने फोन घेतला, "खरं आहे ते. दोन महिने मी करपलेला भात खातोय," एवढंच बोलला आणि परत जाळं विणायला बसला. मग सेलाला सगळं पहिल्यापासून सांगणं भाग पडलं, आणि सांगायचं तर सुरुवात ईस्टरपासून करायला हवी होती.

सेला म्हणजे मार्सेला. वय एकसष्ट. तळ्याकाठच्या सांता रीता गावात जन्मली, त्याच गावात दिली, आणि चौदाव्या वर्षापासून त्याच चर्चच्या गायकवृंदात उभी राहते आहे. पाच बाळंतपणं झाली, पण एकाही खेपेला तिची जागा महिन्याहून जास्त रिकामी राहिली नाही. चर्चची सहाची घंटा वाजली की ओरासियोन, म्हणजे संध्याकाळची प्रार्थना, सांगायची तीही तिनेच. ती नाव घेते, गाव थांबतं. ट्रायसिकलवाले इंजिन बंद करतात, पत्ते खेळणारे पान हातात धरून उभे राहतात, भांडणारे नवरा-बायकोसुद्धा तेवढ्यापुरते गप्प होतात. बाकी बाई साधी. कुणाच्या अध्यात ना मध्यात.

तिला एकच गोष्ट लागून राहिली होती. मे महिन्यात रोज संध्याकाळी मुलांनी फुलं घेऊन यायचं, गात गात मरियामातेच्या पायाशी वाहायची, ही तिथली रीत. सेलाच्या लहानपणी मुलांची रांग चर्चच्या दारातून बाहेर, पार आंब्याच्या झाडापर्यंत जायची. मागच्या वर्षी तीन मुलं आली. त्यातलं एक खाऊ मिळाल्यावर पळालं. म्हाताऱ्या बायकाच फुलं घेऊन, मुलांच्या चालीत मुलांची गाणी गात पुढे गेल्या. त्या रात्री सेलाने नवऱ्याला नुसतं विचारलं, "आईच्या दारात लेकरंच नाहीत, हे बरं दिसतं का?" आणि ती कूस बदलून झोपली.

म्हणून यंदा ईस्टर आटोपताच ती आणि तिची कुमारे तोयांग पोरांना आधीच बांधून घ्यायला निघाल्या. कुमारे म्हणजे एकमेकींच्या लेकरांच्या धर्ममाता. हे नातं सख्ख्याच्या वरचं. गावातली सगळी पोरं नाणं टाकून वायफाय मिळतं त्या खोक्याभोवती बाकावर खांद्याला खांदा लावून बसलेली असायची. त्यांचा म्होरक्या तोयांगचा नातू, जेपोय. कॉलेजात शिकतो, अंगाने शिडशिडीत, जिभेने तिखट.

"जेपोय, मे महिन्यात तुम्ही सगळे फुलं वाहायला येणार," सेलाने सुनावलं. गावची पोरं तिला लोला, म्हणजे आजी म्हणत.

"लोला सेला, आमची फिएस्ताची, गावच्या जत्रेतली गेमची स्पर्धा आहे. सराव असतो संध्याकाळी."

"मागच्या वर्षी कसला सराव होता?"

"मागच्या वर्षी मी मोठा झालो होतो."

"हा मोठा झाला," तोयांग म्हणाली. "परवा दाढ काढताना माझा हात सोडत नव्हता."

पोरं खिदळली. जेपोय कानापर्यंत लाल झाला, आणि लाल झालेला माणूस बोलून जातो तसं बोलून गेला. "असं करा लोला. तुमचे पाच गायक आणा, मेच्या बावीस तारखेला फिएस्ताच्या मंडपात आमच्याशी खेळा. तुम्ही जिंकलात तर महिनाअखेरपर्यंत आम्ही झाडून सगळे फुलं घेऊन येऊ, गाऊसुद्धा. हरलात तर आम्ही सांगू ते गाणं तुम्ही गावासमोर व्हिडिओकेवर, पडद्यावरचे शब्द वाचत गायचं."

सेलाने क्षणभर विचार केला. मरियामाता कोणत्या वाटेने नेईल हे आपण ठरवायचं नसतं, असं तिचं मत. "ठरलं," ती म्हणाली.

वाटेत तोयांगने विचारलं, "कुमारे, तुला तो गेम येतो?"

"नाही."

"मला वाटलं येतो."

सराव सेलाच्या स्वयंपाकघरात सुरू झाला. पाच जण असे: सेला, तोयांग, खर्जात गाणारा ट्रायसिकलवाला मांग अम्बो, म्हणजे अम्बोकाका, आणि आल्तो, म्हणजे बायकांचा खालचा सूर, गाणाऱ्या दोघी जुळ्या बहिणी, ज्या आयुष्यभर एकमेकींचंच वाक्य पुरं करत आल्या. मधोमध आल्याच्या काढ्याची किटली. पहिला आठवडा नुसता मरण्यात गेला. मांग अम्बो शत्रू दिसला की फोनच मागे ओढायचा, जणू ब्रेक मारतोय. तोयांग आपल्याच तटबंदीभोवती प्रदक्षिणा घालत राहायची आणि विचारायची, "मी कुठली? ती पिवळी मी का?" सेलाने घाव भरून काढणारी परी निवडली. कुणी अर्धमेला झाला की मागून धावायचं, त्याच्यावर उजेड टाकायचा आणि पुढच्याकडे पळायचं. पाच लेकरं वाढवलेल्या बाईला हे शिकवावं लागलं नाही.

अडचण वेगळी होती. खेळताना एकमेकांना सांगायचं कसं? पोरं आरडाओरडा करतात, "वर ये, खाली ये, मागे बघ." या पाचांना तेवढ्या घाईत बोलायलाच सुचेना. जुळ्या तर एकदम बोलायच्या. मग एका दुपारी, चौथ्यांदा किल्ला पडल्यावर, मांग अम्बोच्या तोंडून निराशेने एक लांब खर्जाचा सूर निघाला. सेलाची मान वर झाली.

"अम्बो, तू आत्ता कुठल्या वाटेवर होतास?"

"खालच्या."

"मग खालच्या वाटेवर शत्रू आला की हाच सूर लाव. तोयांग, वरच्या वाटेवर तू, तुझा वरचा 'ला' सूर. जुळ्या मधोमध. संकट असलं तर सूर चढवायचा, वाट मोकळी असली तर उतरवायचा. आणि एका वेळी दोघांनी श्वास घ्यायचा नाही, जसं गाण्यात घेत नाही तसंच. एक मागे आला की दुसऱ्याने पुढे जायचं. फळी कधी फुटता कामा नये."

"अगं बाई," तोयांग म्हणाली. "हे तर आपण पन्नास वर्षं करतोय."

त्या दिवसापासून सेलाच्या घरातून विचित्र गाणं ऐकू यायला लागलं. चाल नाही, शब्द नाहीत, नुसते सूर चढतायत, उतरतायत, मध्येच खर्ज घुमतोय. शेजारीण कुंपणाशी येऊन म्हणाली, "चर्चच्या मिस्साचं नवं गाणं बसवताय वाटतं. छान आहे, पण फार दुःखी आहे." मे उजाडेपर्यंत ते अनोळखी लोकांना हरवू लागले. फुलं वाहायला मात्र यंदा दोनच मुलं आली, आणि सेला रोज त्या दोघांचा हात धरून पुढे जात होती. त्या दोघांना ती खाऊ जरा जास्तच द्यायची.

बावीस तारीख उजाडली. बास्केटबॉलच्या मैदानावरच्या मंडपात अख्खं गाव. हातात भाजलेल्या मक्याची कणसं, काडीला टोचलेली तळलेली केळी, लहानग्यांच्या गालाला बर्फाच्या गोळ्याचा रस चिकटलेला. मोठ्या पडद्यावर खेळ दिसणार होता. पोरांनी नवे काळे टीशर्ट चढवले होते. गायक आले ते रविवारच्या निळ्या झग्यांत. मांग अम्बोचा झगा पोटावर ताणला होता. सगळे हसले.

हसू दहा मिनिटांत गेलं. पोरं नेहमीसारखी ओरडत होती, "वरती कुणी आहे का? अरे सांग ना," आणि इकडे पाच म्हातारे डोळे फोनवर लावून गात होते. तोयांगचा 'ला' चढला की सेलाची परी वर धावायची. खर्ज घुमला की जुळ्या खाली वळायच्या. कुणी काय ठरवलं ते जेपोयला कळायच्या आत त्याचे दोन गडी आडवे झालेले असायचे.

"लोला, गाणं बंद कर ना," जेपोय वैतागला. "हे नियमात नाही."

"नियमात नाही असंही कुठे लिहिलंय?" तोयांग फोनवरून मान न काढता म्हणाली. "तू लहानपणी या आवाजाने झोपायचास. आता झोप."

मंडप गडगडला. पोरं कच्ची नव्हती. त्यांनी मधली वाट फोडून गायकांचा किल्ला उघडा पाडला होता. पण त्याच वेळी गायक पाचही जण त्यांच्या किल्ल्याच्या दाराशी पोचले. पोरांचे चार गडी मेलेले, एकटा जेपोय उरलेला. आणखी चार घाव बसले की खेळ खलास. सेलाच्या डोळ्यांपुढे आंब्यापर्यंत गेलेली रांग दिसायला लागली होती.

आणि सहाची घंटा झाली.

मंडप उभा राहिला. कणसं खाली गेली, टोप्या निघाल्या. सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीने सवयीने माइक सेलासमोर धरला. सेलाने फोन टेबलावर उपडा ठेवला. तिच्या मागोमाग चौघांनी ठेवला. जेपोयचा अंगठा तेवढा अजून फोनच्या पडद्यावर होता.

"हात," तोयांग पुटपुटली. जेपोयने हात जोडले.

पण तो गेम काही थांबणारा नव्हता. जिवंत उरलेले योद्धे स्तब्ध उभे, आणि आपोआप चालणारे चिमुकले शिपाई मात्र मोठ्या पडद्यावर टुकटुक करत चाललेले. पोरांचे शिपाई मधल्या मोकळ्या वाटेने गायकांच्या किल्ल्यापाशी पोचले आणि त्यांनी घाव घालायला सुरुवात केली.

"कुमारे, जरा भरभर घे," तोयांग ओठ न हलवता म्हणाली.

भरभर घेणं सेलाला अवघड नव्हतं. तिचा श्वास गावात प्रसिद्ध होता. सगळी प्रार्थना तिने एका दमात म्हटली असती. शब्द जिभेच्या टोकावर घाई करत होते. पण ज्या आईच्या दारात लेकरं यावीत म्हणून हा सगळा खटाटोप, तिच्याशीच घाईत बोलायचं? सेलाने डोळे मिटले आणि रोजच्यासारखंच, प्रत्येक शब्दाला त्याची जागा देत सुरुवात केली. पहिल्यांदा 'नमो मरिये, कृपापूर्णे' झालं. टुक, टुक. दुसऱ्यांदा झालं. गाव उत्तर देत होतं, आणि मान खाली घातलेल्या प्रत्येकाचा एक डोळा पडद्यावर होता. तिसऱ्यांदा म्हणताना गायकांचा किल्ला कोसळला, आणि भोंग्यातून कर्कश आवाजात पराभवाची घोषणा झाली. सेलाने 'आमेन' म्हटलं तेव्हाच डोळे उघडले.

कुणी टाळ्या वाजवेना. जेपोय आपल्या जोडलेल्या हातांकडे बघत होता.

"त्या शिपायांना आजी नाही," तोयांग म्हणाली, "म्हणून चालत राहिले मेले."

"लोला सेला, हे काही जिंकणं नाही," जेपोय म्हणाला. "परत खेळू."

"किल्ला कुणाचा पडला?"

"तुमचा."

"मग शब्द तो शब्द. गाणं सांग."

पोरांनी महिनाभर आधीच ठरवलेलं गाणं होतं, तोंडाला फेस येईल असलं भरभर बोलायचं. पाच निळे झगे व्हिडिओकेसमोर उभे राहिले. शब्द पडद्यावरून पळायचे, म्हणून त्यांनी ते वाटून घेतले. एकाचा श्वास संपला की दुसऱ्याने उचलायचं, आणि खाली मांग अम्बोचा खर्ज सबंध गाणंभर. मग मंडपाचं छप्परच उडायचं राहिलं. पोरं बाकावर चढली. यंत्राने शंभरातले नव्व्याण्णव गुण दिले, तेव्हा जुळ्यांनी एकमेकींना मिठी मारली आणि एकीचा चष्मा दुसरीच्या केसांत अडकला.

घरी येऊन सेला पायरीवर बसली. गळा बसला होता, मन त्याहून. गाणं छान झालं, पण फुलांची रांग गेली ती गेलीच. दुसऱ्या दिवशी दुपारी ती देव्हाऱ्यासाठी मोगऱ्याच्या कळ्या तोडत होती, तेव्हा कुंपणाशी काळा टीशर्ट दिसला.

"लोला सेला, जूनमध्ये प्रांताची स्पर्धा आहे," जेपोय म्हणाला. "आमच्यात घाव भरणारं कुणी नाही. सगळ्यांना नुसतं मारायचं असतं. आणि तुमच्यासारखं सुरात सांगायलाही आम्हाला शिकायचंय. तुम्ही याल का आमच्यात?"

सेलाने कळ्या ओच्यात घेतल्या. आतून असं काही उसळून आलं, की तिला हसू दाबावं लागलं. सौदा करताना हसायचं नसतं हे तिला बाजाराने शिकवलं होतं.

"तुम्हाला सूर लावता येतो?"

"नाही."

"मग तो आधी शिकायला हवा. रोज पाच वाजता, चर्चमध्ये. गाणी सोपी आहेत, मुलांचीच आहेत. गळा मोकळा झाला की मग सराव, सहाच्या घंटेनंतर."

जेपोयला कळलं. तो कुंपणाला रेलला. "फुलंही आणायची असतील."

"रिकाम्या हाताने आईकडे कुणी जातं का?"

त्या संध्याकाळी सात जण आले. फुलं कुणाकुणाच्या अंगणातून चोरलेली होती हे उघड होतं. शेजारणीचा गुलाब तर सेलाने लगेच ओळखला. पोरं बेसूर होती, फार बेसूर. सेला त्यांच्या पुढे उभी राहिली, हात वर केला आणि म्हणाली, "दोघांनी एकदम श्वास घ्यायचा नाही. चला, वरची वाट."